गरम टोक, गार टोक

विभाला सापाची भीती वाटत नव्हती, कारण साप या विषयावर तिने आयुष्यात कधी विचारच केला नव्हता. मुंबईत असताना तिचा सगळा वेळ शीतगृहांत गेला. लशी, इंजेक्शनं, नाजूक औषधं ठेवायच्या थंड खोल्या ती बांधून द्यायची. फिटर आणि इलेक्ट्रिशियन तिला बाई म्हणायचे आणि वचकून असायचे. विभाबाईंच्या खोलीत कुठल्याही कोपऱ्यात तापमापक टांगा, काटा हलणार नाही, अशी तिची ख्याती होती आणि ती तिला मनापासून आवडायची.

मग तिच्या नवऱ्याची, सत्यजितची, बदली जपानला झाली. त्याच्या व्यापारी कंपनीच्या तिथल्या खरेदी विभागात त्याला मोठी जागा मिळाली. ग्योतोकु स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर घर मिळालं आणि विभा एका बेन्तोच्या दुकानात डबे भरायला लागली. इथल्या भाषेत याला बाइतो म्हणतात, म्हणजे काही तासांची नोकरी. भात, मासा, लोणच्याची फोड. काम वाईट नव्हतं, पण डब्यात भात दाबता दाबता तिचे डोळे दुकानाच्या फ्रीजरकडे जायचे. त्याच्या दाराचं रबर फाटलेलं होतं. तिने ते मालकाला दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा हसून आभार मानले आणि रबर तसंच राहिलं.

खालच्या मजल्यावर मोरिता-सान एकट्या राहायच्या. ऐन उमेदीच्या काळात त्या सहलीच्या बसवर गाइड होत्या. हातात माईक, डोक्यावर छोटी टोपी, आणि अर्ध्या जपानचे घाट, देवळं, धबधबे तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर त्यांनी साप पाळला. लोक कारण विचारायचे तेव्हा त्या सांगायच्या, "आयुष्यभर बोलले हो. म्हटलं आता घरात असं कुणीतरी हवं, ज्याला माझ्याकडून एक शब्दही नको असेल."

सापाचं नाव मिकान, म्हणजे संत्रं. संत्र्याच्या रंगाचा, अंगावर विटकरी ठिपके असलेला कॉर्न स्नेक. विष नाही, राग नाही. पूर्ण पसरला तर विभाच्या कमरेपर्यंत पोचेल एवढा लांब. त्या वर्षी थंडी सुरू होताना मोरिता-सानच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. नंतर हिवाळाभर त्यांना चालायचा सराव करायला दवाखान्यातच राहायचं होतं.

"रिकाम्या घरात हीटर चालू ठेवायचा नाही," त्या विभाच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "विभा-सान, तुम्ही मिकानला सांभाळाल का? इमारतीच्या ऑफिसात मी विचारलंय. पेटीत राहणारे प्राणी चालतात."

"चालेल की," विभा म्हणाली.

आतून सत्यजितने चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अगं, चालेल म्हणजे?" मोरिता-सान गेल्यावर तो म्हणाला. "साप आहे तो. कुंडी नाही."

"पेटीत असतो रे."

"आणि खातो काय?"

"उंदीर. गोठवलेले मिळतात."

सत्यजितने फ्रीजरकडे पाहिलं. तिथे त्याच्या आईने पाठवलेल्या पुरणपोळ्या होत्या, खवलेल्या नारळाचा डबा होता. विभाने त्याच्या मनातलं ओळखलं. "उंदीर मोरिता-सानच्या फ्रीजरमध्येच राहतील. किल्ली आहे माझ्याकडे."

मिकान वर आला तो कपडे ठेवायच्या प्लास्टिकच्या खोक्यात. ऊब टिकावी म्हणून मोरिता-साननी खोक्याला बाहेरून गोधडी गुंडाळली होती. खाली हीटिंग मॅट, वर घट्ट झाकण, आत हिनोकीच्या लाकडाचा सुगंधी भुसा. सगळं प्रेमाने केलेलं. विभाने झाकण उचललं तर त्याच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब टपटप खाली पडले.

तिला सापाचं काही कळत नव्हतं, पण हे थेंब तिच्या ओळखीचे होते. जिथे हवा फिरत नाही तिथे ते येतात, आणि त्यांच्या मागोमाग बुरशी येते. तिने कान जवळ नेला. मिकान श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज होत होता.

दुसऱ्याच दिवशी तिने त्याला कापडी पिशवीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. हायाशी-सेन्सेई तरुण होते, हात अतिशय हळुवार आणि बोलणं एक्स्प्रेस गाडीसारखं. त्यांनी मिकानचं तोंड उघडून पाहिलं, औषध दिलं, आणि नवं घर कसं असावं ते सांगायला सुरुवात केली. विभाची जपानी बाजारहाट आणि कचऱ्याचे वार यांत पक्की झाली होती, डॉक्टरी बोलण्यात मात्र अर्धी हुकायची. हिनोकीचा भुसा टाका, त्याच्या वासाने सापाच्या श्वासाला त्रास होतो, हे समजलं. हवा खेळती ठेवा, हेही समजलं. गरम बाजू तीस अंश, इथवर ऐकून तिने लगेच तीसचा आकडा पकडला. मग डॉक्टर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लागले. "ओन्दो कोबाई. सगळ्यात महत्त्वाचं. ओन्दो कोबाई विसरू नका."

ओन्दो म्हणजे तापमान, हे तर तिच्या धंद्यातलंच. आणि कोबाई हा शब्द रोजच्या पाहण्यातला. सत्यजितच्या व्हिजिटिंग कार्डावर तोच होता. कोबाई म्हणजे खरेदी. तापमान मोजायचं यंत्र विकत घ्या, असं सांगतायत बिचारे, असं म्हणून तिने जोरात मान हलवली.

त्याच संध्याकाळी तिने दुकानातला सगळ्यात चांगला तापमापक घेतला. शिवाय थर्मोस्टॅट, शिवाय एक छोटा पंखा. इंटरनेटवर सापाच्या घरांबद्दल पानंच्या पानं होती, पण तिने वर वर पाहून मिटून टाकली. आकडा मिळाला होता. आकडा हातात आला की पुढचं वाचायची तिला कधीच गरज वाटत नसे.

होम सेंटरमधून फळ्या आल्या, काच आली, भिंतीत भरायचा फोम आला. कित्येक महिन्यांनी तिच्या हातात करवत आली होती आणि ती गुणगुणत होती. सत्यजित दारात उभा राहून बघत होता. लग्नाच्या आधी तिला असंच एकदा डोक्यावर हेल्मेट घालून शिडीवर चढलेलं त्याने पाहिलं होतं.

"काय छान दिसतेयस," तो म्हणाला.

"ती पक्कड दे," विभा म्हणाली.

पेटी झाली ती अगदी तिच्या शीतगृहांच्या घराण्यातली. भिंती जाड, सांधे बंद, हवा गाळून आत येणार, पंखा ती सगळीकडे सारखी फिरवणार. वर, खाली, पुढे, मागे, कुठेही मोजा, तीस म्हणजे तीस. झाकणावर एक थेंब नाही. मिकानला आत सोडलं. औषध चालू होतंच, थोड्याच दिवसांत श्वासातली शिट्टी थांबली. विभा खूश झाली.

पण मिकान खाईना. उंदीर कोमट करून चिमट्याने पुढे धरला तर तो तोंड फिरवायचा. दिवसभर पाण्याच्या पसरट भांड्यात वेटोळं घालून पडून राहायचा. नाहीतर काचेला नाक लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चकरा मारायचा.

"जपानी साप आहे," सत्यजित म्हणाला. "ओन्सेनमध्ये, गरम पाण्याच्या कुंडात बसलाय. त्याला रोजची गरम आंघोळ लागणारच."

विभा हसली, पण तिला ते बरं वाटत नव्हतं. तिने थर्मोस्टॅट तपासला, पंखा तपासला, तापमापकाच्या जोडीला दुसरा लावून पाहिला. सगळं अचूक होतं. तिच्या हातून कधी काही बिघडलं असेल तर आकडा बिघडलेला असे आणि तो दुरुस्त करता येई. इथे आकडा तंतोतंत होता आणि तरी प्राणी वाळत चालला होता.

रविवारी ती मोरिता-सानना भेटायला गेली. दवाखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये दुपारचं ऊन पसरलं होतं. म्हातारे-म्हाताऱ्या कठड्यांना धरून चालायचा सराव करत होते. मधोमध एक लाकडी रॅम्प होता, एका बाजूने चढायचा, दुसऱ्या बाजूने उतरायचा. मोरिता-सान काठी घेऊन त्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या आणि शेजारची व्यायाम करून घेणारी मुलगी त्यांना सांगत होती, "मोरिता-सान, सावकाश हं. इथे कोबाई आहे."

विभा चमकली. "इथेही काही विकत घ्यायला सांगतात का हो?"

"विकत?" मोरिता-साननी मागे पाहिलं.

"कोबाई म्हणाल्या ना त्या. खरेदी."

मोरिता-सान इतक्या हसायला लागल्या की त्या मुलीने त्यांना दोन्ही हातांनी धरलं. "अहो विभा-सान, तो कोबाई वेगळा! ऐकायला सारखा, लिहायला वेगळा. हा कोबाई म्हणजे हे." त्यांनी काठी रॅम्पच्या उतारावर ठकठक आपटली. "उतार. निक्कोच्या घाटात मी रोज सांगायचे. मंडळी, समोर येतोय मोठा कोबाई, पर्स मांडीवर घट्ट धरा!" माईकची सवय गेली नव्हती. सगळा हॉल त्यांच्याकडे बघायला लागला.

विभा मात्र हसली नाही. ती रॅम्पकडे बघत होती. वरचं टोक, खालचं टोक, आणि मधे थोडं थोडं कमी होत जाणारं. ओन्दो कोबाई. तापमानाचा उतार. डॉक्टर तिला काही विकत घ्यायला सांगतच नव्हते. घराचं एक टोक गरम ठेवा, दुसरं गार ठेवा, मधे उतार ठेवा, असं सांगत होते. गरम बाजू तीस, असं त्यांनी म्हटलं होतं. बाजू! तिने तीस तेवढं ऐकलं आणि बाजू गाळली.

"काय झालं? मिकानला काही झालंय का?" मोरिता-साननी विचारलं.

खोटं बोलणं विभाला जमत नसे. तिने झाकणावरच्या थेंबांपासून सगळं सांगून टाकलं. खात नाही, पाण्यात बसतो, आणि का बसतो ते आत्ता या क्षणी कळलं. त्याला उकडत होतं, आणि सावलीला जायला तिने जागाच ठेवली नव्हती. पाण्याचं भांडं तेवढं गार होतं.

मोरिता-सान जवळच्या बाकावर बसल्या. "मी त्याला ओलं करून ठेवलं, तुम्ही तापवलंत," त्या म्हणाल्या. "आता तुम्हाला कळलंय ना काय करायचं?"

"कळलंय," विभा म्हणाली, आणि तिला खरोखरच कळलं होतं.

परतताना तोझाई लाइनच्या मेट्रोत तिने पावतीच्या मागे पेटीचं चित्र काढलं. आपल्या अंगात आपली ऊब असते. आपण शाल घेतो, काढतो, तेवढ्यावर निभतं. सापाकडे स्वतःची ऊब नाही. खाल्लेलं पचवायचं असेल तर त्याला उबेकडे सरकावं लागतं, अंग तापलं की गारव्याकडे यावं लागतं. त्याचं सगळं जगणं या सरकण्यावर चालतं, आणि तिने ते सरकणंच बंद करून टाकलं होतं. इतकी वर्षं खोल्यांमधले असे उतार शोधून शोधून तिने मोडून काढले होते. ते कुठून आणि कसे तयार होतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? आता एक मुद्दाम करायचा होता. ग्योतोकु येईपर्यंत चित्र पुरं झालं.

घरी येताच तिने पंखा उपटून काढला. पेटी एका बाजूने कापली आणि तिला जोड देऊन चांगली लांब केली. फोम फक्त उजव्या टोकाला ठेवला, तिथेच वरच्या अंगाला उष्णता देणारी पट्टी बसवली, आणि साप तिला चिकटून भाजू नये म्हणून तिच्याखाली जाळी लावली. थर्मोस्टॅटची तारही त्याच टोकाला. डाव्या टोकाला फोम नाही, ते खोलीच्या हवेवर. गार बाजूला खाली जाळीची खिडकी, गरम बाजूला वर जाळीची खिडकी. तापलेली हवा वरून निघून जाईल, तिची जागा घ्यायला ताजी हवा खालून आपोआप येईल. पंख्याची गरजच नाही.

आणि लपायला जागा एक नाही, दोन. एक गरम टोकाला, एक गार टोकाला. या वेळी तिने इंटरनेटवरची पानं शेवटपर्यंत वाचली होती. साप उघड्यावर असला की धास्तावलेला असतो. लपायची जागा एकच ठेवली तर तो भीतीपोटी तिथेच चिकटून बसतो, मग अंग तापो नाहीतर गोठो. मधोमध तिने ओलसर शेवाळ भरलेला एक डबा ठेवला. इथला हिवाळा कोरडा, कात टाकताना त्याला ओलावा हवा. खाली हिनोकीच्या ऐवजी बिनवासाच्या लाकडाचा चुरा, आणि चढायला एक जाडजूड फांदी.

"दाराला कडी लाव," सत्यजित म्हणाला.

"दोन लावल्यात."

"आणि भिंतीला बांध. मोरिता-सान म्हणत होत्या ना, त्या मोठ्या भूकंपापासून त्या सगळी कपाटं बांधून ठेवतात." हे त्याने आठवणीने सांगितलं याचं विभाला बरं वाटलं. तो स्वतःच पट्टे घेऊन आला आणि पेटी भिंतीला आवळून बांधली. मिकान तेव्हा स्वयंपाकघरात, तात्पुरत्या खोक्यात होता, म्हणून हे धाडस.

पेटी आधी रिकामीच चालवून पाहिली. गरम टोकाला तीस, गार टोकाला चोवीसच्या आसपास, मधे हळूहळू उतरत जाणारा पारा. विभाच्या जुन्या साहेबांनी हे आकडे पाहिले असते तर खोली पाडून पुन्हा बांधायला लावली असती. ती मात्र समाधानाने बघत होती.

मिकानला सोडलं. जीभ काढत, कोपरे हुंगत तो सगळीकडे फिरला, आणि सरळ गार टोकाच्या गुहेत शिरून दिसेनासा झाला. संपूर्ण दिवस बाहेर आला नाही. सत्यजितचा चेहरा पडला. "आवडलं नाही वाटतं त्याला."

"झोपू दे. कित्येक दिवसांनी त्याला गार मिळालंय," विभा म्हणाली. या वेळी तिला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी तो बाहेर आला, फांदीवरून सरपटत गरम टोकाला गेला, तिथे पसरला. दुपारी परत मधे आला. संध्याकाळी पुन्हा उबेला. पाण्याच्या भांड्याकडे तो फक्त पाणी प्यायला यायचा. आठवडा संपायच्या आत विभाने उंदीर पुढे धरला, तर मिकानने मान मागे घेतली, क्षणभर थांबला, आणि झडप घातली. खाऊन झाल्यावर तो शहाण्यासारखा गरम गुहेत जाऊन पडला. विभाने सत्यजितच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की त्याच्या हातातला चहा सांडला.

पुढे त्याचे डोळे निळसर धुरकट झाले, तो शेवाळाच्या डब्यात जाऊन बसला, आणि एका सकाळी कात पेटीत पडलेली सापडली. नाकापासून शेपटीपर्यंत अखंड, उलटा काढलेला पायमोजाच जसा. मोरिता-सानकडे असताना ती नेहमी तुकड्यातुकड्यांनी निघायची. विभाने कातीचा फोटो काढून त्यांना पाठवला. उत्तरात बसचं एक चित्र आणि त्यापुढे टाळ्या वाजवणारे हात आले.

एका शनिवारी विभा दुकानात डबे भरत असताना जमीन हादरली. फळ्यांवरच्या बाटल्या खणखणल्या, गिऱ्हाइकं जागच्या जागी थांबली. थोड्याच वेळात थांबलं. तिने घरी फोन केला, सत्यजितने उचलला नाही. सायकल दामटत ती घरी आली.

सत्यजित जमिनीवर बसला होता. पेटीला छाती टेकलेली, दोन्ही हात पसरून काच धरलेली. काचेच्या पलीकडे, त्याच्या नाकासमोर, मिकान फांदीला विळखा घालून शांतपणे जीभ आत-बाहेर करत होता.

"अरे, फोन का नाही घेतलास?"

"हात मोकळे नव्हते," तो म्हणाला. मग स्वतःच्या अवताराकडे पाहून जरा ओशाळला. "पट्टे घट्ट होते गं. पेटी तसूभरही हलली नाही. मीच हललो." तो अजून काच सोडत नव्हता. "याला काही कळलं की नाही कुणास ठाऊक. माझ्याकडे बघत होता सारखा."

विभा त्याच्या शेजारी खाली बसली. तिने काही थट्टा केली नाही.

वसंत आला तेव्हा तिने मिकानला तपासणीसाठी हायाशी-सेन्सेईंकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला तोललं, छाती ऐकली, खवल्यांवरून बोट फिरवलं. "याला राहायला कुठे ठेवलंय तुम्ही?" त्यांनी विचारलं. तिने फोनवरचे फोटो दाखवले. हवा कुठून येते, कुठून जाते, पट्टीखाली जाळी का, सगळं सांगितलं, आणि कोबाईची फजितीही सांगितली. डॉक्टर हसता हसता खुर्चीवर मागे रेलले. पण नंतर ते गंभीर झाले. म्हणाले, दवाखान्यात आजारी सरडे, कासवं, साप मुक्कामाला असतात, आणि ती खोली त्यांनी आपली कशीबशी जमवली आहे. प्रत्येकाला वेगळी हवा हवी आणि एकाला बरं करावं तर दुसऱ्याला बाधतं. "तुम्ही बघाल का? रीतसर काम म्हणून?"

विभाने विचार करायला वेळ मागितला नाही. "बघते," ती म्हणाली. "आधी मला खोली दाखवा."

मोरिता-सान घरी आल्या त्या काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. आधी त्या वर आल्या. पेटीपुढे उभ्या राहून त्यांनी मिकानला खाली वाकून नमस्कार केला आणि मग सत्यजितकडे वळून, अदृश्य माईक हातात धरून म्हणाल्या, "मंडळी, आपल्या उजवीकडे उन्हाळी किनारा, डावीकडे गार डोंगर. मधल्या दरीत थोडा पाऊस!" सत्यजितला जपानी बेताचंच येत होतं, पण त्याने टाळ्या वाजवल्या.

पेटी खाली न्यायची ठरली तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर त्यानेच केली. त्यांची बैठकीची खोली ईशान्येला आहे, हवा थंड येते, पट्टे नीट बांधले जातील का, अशी त्याची एकेक शंका. शेवटी विभाने पेटीचं एक टोक उचललं आणि दुसऱ्याकडे बोट दाखवलं. लिफ्टमध्ये पेटी तिरकी मावली. मोरिता-सानच्या भिंतीला त्याने स्वतःच्या हाताने पट्टे बांधले आणि ते ओढून पाहिले, पुन्हा ओढून पाहिले. आता रविवारी तो खाली जाऊन चहा पिऊन येतो. कामाचं काही बोलायचं असतं, असं सांगून जातो.

बेन्तोच्या दुकानातली नोकरी विभाने सोडली, पण शेवटच्या दिवशी ती रिकाम्या हाताने गेली नाही. फ्रीजरच्या दाराचं नवं रबर ती स्वतःच घेऊन गेली आणि बसवून आली. पुढच्या सोमवारी ती हायाशी-सेन्सेईंच्या मागच्या खोलीत उभी होती. खिशात मोजपट्टी, कानामागे पेन्सिल. भिंतीपाशी एक म्हातारं कासव, खिडकीत दोन सरडे, कपाटावर कुणाचा तरी अजगर. डॉक्टर पुढे काही सांगणार तेवढ्यात तिने हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली. "आधी या कासवाचं सांगा. याला काय आवडतं?"